राज्य सरकारच्या आठवड्याचा आढावा: घोषणेमागचा कागद शोधायचा कसा

आठवडाभराची कात्रणं एकाखाली एक लावली म्हणजे आढावा होत नाही. सरकार काय म्हणालं, त्यातलं कागदावर काय उतरलं आणि त्यासाठी पैसा सुटला का, हे तीनही प्रश्न प्रत्येक बातमीला विचारावे लागतात.

सुरुवात मंत्रिमंडळ बैठकीपासून करा. माहिती व जनसंपर्क महासंचालनालय निर्णयांचं टिपण काढतं, ते मुळातून वाचा. वाहिन्यांच्या पट्टीवर विसंबू नका. शब्द नीट पाहा. 'तत्त्वतः मान्यता' म्हणजे कल्पना पटली, एवढंच. 'प्रशासकीय मान्यता' म्हणजे ठरावीक खर्चाला होकार. 'सुधारित प्रशासकीय मान्यता' दिसली की जुना आणि नवा आकडा शेजारी मांडा, कारण बहुतेक वेळा खर्च वाढलेला असतो. मथळ्यात मात्र तिन्हींना 'मंजुरी'च म्हणतात, म्हणून एकच प्रकल्प पुन्हा पुन्हा मंजूर झाल्यासारखा वाटतो.

मग शासन निर्णय. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतो. त्याच्या 18 अंकी संकेतांकातले पहिले 8 अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. संकेतांक टिपून ठेवा आणि वरचे संदर्भ वगळू नका. आधी काय ठरलं होतं ते तिथेच कळतं. शुद्धिपत्रक न पाहता लिहिणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लाडकी बहीण योजनेच्या 28 जून 2024 च्या निर्णयात वयोमर्यादा 21 ते 60 होती आणि पाच एकर शेतजमिनीची अट होती. 3 जुलैला मर्यादा 65 झाली, जमिनीची अट गेली. पहिल्याच कागदावर थांबणाऱ्याचं पात्रतेबद्दलचं सगळं लिखाण पाच दिवसांत चुकीचं ठरलं.

पैशाचा माग लेखाशीर्षावरून, म्हणजे खर्च अर्थसंकल्पात ज्या शीर्षाखाली पडतो त्याच्या क्रमांकावरून काढायचा. ते शासन निर्णयात सहसा शेवटाकडे असतं. अर्थसंकल्पात तरतूद अपुरी असेल तर पुरवणी मागण्या पाहा: जुलै 2024 मध्ये त्या 94,889 कोटी रुपयांच्या होत्या आणि त्यात याच योजनेचे 25,000 कोटी होते. तरतूद, वितरित निधी आणि खर्च हे तीन वेगळे आकडे. 'बीम्स' या राज्याच्या ऑनलाइन निधी-वितरण प्रणालीवर ते तपासता येतात. खर्चाचा मोठा भाग मार्चमध्ये उरकला जातो. त्यामुळे ऑक्टोबरचा कमी खर्च पाहून योजना फसली म्हणू नका, आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरशी तुलना करा.

पुण्यात बसून हे काम करणाऱ्याला एक मोठी सोय आहे. साखर, कृषी, सहकार, शिक्षण ही आयुक्तालयं इथेच आहेत. घोषणा मुंबईत होते, अंमलबजावणीची फाइल इथे फिरते. ऊसदरावरून सभागृहात गदारोळ झाला की शिवाजीनगरच्या साखर संकुलातून एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) थकबाकीचा तक्ता मिळवा. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे देणं कारखान्यावर बंधनकारक आहे; किती कारखान्यांवर आरआरसीची, म्हणजे थकबाकी महसुलासारखी वसूल करण्याची कारवाई झाली, यावरून सरकार किती गंभीर आहे ते भाषणांपेक्षा स्पष्ट कळतं.

नाराजीनाट्याच्या बातम्यांना जागा थोडी द्या, आणि कागदावर खूण उमटली असेल तरच. 18 जानेवारी 2025 ला पालकमंत्र्यांची यादी आली, दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नियुक्त्यांना स्थगिती मिळाली. ही खूण ठोस आहे. जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असतं आणि जिल्ह्याचा निधी तिथून वाटला जातो, हे कारणही सोबत लिहा.

प्रलंबित घोषणांची वही ठेवा: तारीख, विभाग, संकेतांक, लेखाशीर्ष. सहा आठवडे संकेतांकाचा रकाना रिकामा राहिला तर आधी नियोजन आणि वित्त विभागांत शोधा. तिथेही नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत; म्हणून 'योजनेची संपूर्ण माहिती' न मागता शासन निर्णयाची प्रत आणि आजवर वितरित झालेला निधी, एवढंच मागा.