कॅलिफोर्नियात माणसं कामाला ठेवताय? बेकारी विम्याचा कर असा सांभाळा

"पेरोल कंपनी लावा, ती सगळं बघते." कॅलिफोर्नियात छोटं हॉटेल, क्लिनिक नाहीतर डे-केअर काढलेल्या मराठी माणसाला हा सल्ला प्रत्येक दिवाळी पार्टीत फुकट मिळतो. पेरोल कंपनी हिशेब करते, फॉर्म भरते, हे खरंच. पण तुमचा बेकारी विम्याचा दर पुढे चढणार की उतरणार, हे ज्या कागदावर बरंचसं ठरतं, त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. मी बरीच वर्षं लोकांचे पेरोल सांभाळतेय आणि या एका कागदापायी गेलेले पैसे पाहून आता चिडचिड होते. म्हणून बाकीचं भराभर उरकते.

नोंदणी: एका क्वार्टरमध्ये पगारापोटी १०० डॉलरच्या वर दिले, की १५ दिवसांत राज्याच्या ईडीडी (रोजगार विकास) खात्याकडे ऑनलाइन नोंदणी करा.

फेडरल कर: दर माणशी वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ६ टक्के. राज्याचा कर वेळेवर भरला तर त्यातले ५.४ टक्के माफ होतात, उरतात ०.६ टक्के, म्हणजे ४२ डॉलर. पण कॅलिफोर्नियाने बेकारी भत्त्यासाठी केंद्राकडून घेतलेलं कर्ज फेडलेलं नसल्यामुळे ही माफी २०२२ पासून दरवर्षी ०.३ टक्क्याने कापली जाऊ लागली. २०२४ चा हिशेब माणशी १०५ डॉलरवर गेला. हा वाढीव भाग वर्षभर दिसत नाही, चौथ्या क्वार्टरच्या भरण्यात ३१ जानेवारीला एकदम येतो, आणि मग मला फोन येतात की आकडा चुकलाय का. चुकलेला नाही. पैसे बाजूला ठेवा. या कराचं वार्षिक पत्रक, म्हणजे फॉर्म ९४०, त्याची तारीखही तीच.

राज्याचा कर: मर्यादा पुन्हा ७,००० डॉलरच. नव्या मालकाला पहिली दोन-तीन वर्षं ३.४ टक्के, नंतर स्वतःचा दर: सोडून गेलेल्या माणसांच्या भत्त्याचा खर्च तुमच्या खात्यावर जितका पडेल, तितका तो चढतो. सध्याच्या तक्त्यात तो १.५ ते ६.२ टक्के असतो. पगाराचा आणि कराचा हिशेब देणारे डीई ९ आणि डीई ९सी हे फॉर्म क्वार्टर संपल्यावर पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत. हा कर मालकाच्या खिशातून जातो. कामगाराच्या पगारातून कापायचा तो एसडीआय (राज्याचा अपंगत्व विमा), तो वेगळा. आणि मर्यादा माणसाला आहे, जागेला नाही: भांडी घासायच्या एकाच जागेवर वर्षात तीन माणसं बदलली, तर ७,००० ची मोजणी तीनदा शून्यापासून सुरू होते.

आता तो कागद.

तुमच्याकडून गेलेल्या माणसाने भत्त्यासाठी अर्ज केला, की शेवटचा मालक म्हणून तुम्हाला डीई ११०१सीझेड नोटीस येते. उत्तराला १० दिवस, तेही नोटीस टपालात टाकल्याच्या तारखेपासून, आणि शनिवार-रविवार धरून. हॉटेलच्या काउंटरवर मेन्यूकार्डांच्या गठ्ठ्याखाली हा लिफाफा आठवडाभर पडून राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ईडीडीच्या नोटिसा ऑनलाइन घेण्याची सोय आहे, ती आजच सुरू करा.

दुसरी नोटीस, डीई १५४५, याहून फसवी. तुमचा आचारी नोकरी सोडून दुसरीकडे गेला, तिथे काही महिन्यांनी त्याला कमी केलं. तुम्ही म्हणता, आमचा काय संबंध? संबंध आहे. भत्ता ठरतो तो साधारण मागच्या वर्ष-सव्वा वर्षातल्या पगारावर, आणि त्यात तुमचा पगार असेल तर खर्चाचा वाटा तुमच्या खात्यावर पडतो. १५ दिवसांत "स्वतःहून सोडून गेला, अमुक तारखेला" असं राजीनाम्यासकट कळवलंत तर तो वाटा टाळता येतो. गप्प बसलात तर बसतो. भत्ता आठवड्याला ४५० डॉलरपर्यंत, २६ आठवडे, म्हणजे एका माणसाचे ११,७०० पर्यंत. बारा माणसांच्या हॉटेलात १.५ आणि ६.२ टक्क्यांतला फरक वर्षाला ३,९४८ डॉलर होतो.

उत्तर लिहायचं कसं? "काम नीट करत नव्हता, स्वभाव वाईट" हे लिहू नका. काम न जमणं म्हणजे गैरवर्तन नव्हे, आणि कायदा तो फरक करतो. लिहायचं ते असं: "१२ मार्चला न कळवता शिफ्टला आला नाही. त्याआधी ३ आणि २० फेब्रुवारीला हेच केलं होतं, दोन्ही वेळा लेखी ताकीद दिली, प्रती सोबत आहेत." शेवटची घटना, तारीख, आधीची ताकीद. विशेषणं नकोत. ताकीद तोंडी दिली असेल तर तिचा फारसा उपयोग नाही, म्हणून इथून पुढे एक ईमेल तरी टाकत चला. ईडीडीचा फोन आला तर हेच, याच क्रमाने सांगा. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला ३० दिवस मिळतात.

आणि धंदा मंदावला म्हणून तुम्हीच माणूस कमी केला असेल, तर भांडू नका. विमा त्याच्यासाठीच आहे. खोटं कारण लिहिलं तर दंड होतो.

"सगळ्यांना १०९९ वर दाखवा, कर वाचेल", म्हणजे कामगारांना कंत्राटदार दाखवा, हा दुसरा फुकटचा सल्ला. तुमच्या वेळापत्रकानुसार, तुमच्याच स्वयंपाकघरात राबणारा माणूस २०२० पासून लागू झालेल्या एबी ५ या राज्याच्या कायद्यानंतर कंत्राटदार ठरणं जवळपास अशक्य. त्याने कधी भत्त्याचा अर्ज केला की खात्याला त्याच्या नावावर पगारच सापडत नाही, आणि तपासनीस थेट तुमच्याकडे येतो.

वर्षातून एकदा डीई ४२८टी हे तुमच्या खात्यावर पडलेल्या भत्त्यांच्या खर्चाचं पत्रक येतं. त्यातलं प्रत्येक नाव तुमच्या फाइलशी ताडून बघा, हरकतीला ६० दिवस असतात. डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षीच्या दराची नोटीस येते. तो दर पेरोल कंपनीला त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि जानेवारीच्या पहिल्या पगारात तोच लागलाय ना, हे बघा.