कांद्यातलं क्वेर्सेटिन आणि केमोला दाद न देणारा हाडाचा कॅन्सर: या चुका टाळा

‘कांद्यातल्या घटकाने हाडाचा कॅन्सर नष्ट!’ असा मेसेज घरच्या ग्रुपवर आला की खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. पण ज्या घरात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा गुडघा सुजला, ऑस्टिओसार्कोमाचं (हाडाच्या कॅन्सरचं) निदान झालं आणि केमोनंतरही गाठ फुप्फुसात दिसली, त्या घरात तोच मेसेज रात्री पुन्हा पुन्हा वाचला जातो. बातमी बहुधा थापही नसते. वनस्पतींतली फ्लेव्होनॉइड्स (क्वेर्सेटिन त्यांतलंच एक) या कॅन्सरच्या पेशींना मारतात, असे प्रयोग खरोखर झालेले आहेत. आपली गफलत ते वाचताना होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मात्रा न बघणं. हे प्रयोग बहुतेक एमजी-६३ किंवा यू-२ ओएस अशा, वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवलेल्या हाडाच्या कॅन्सरच्या पेशींवर होतात. तिथे क्वेर्सेटिन थेट पेशींवर ओततात, आणि परिणाम दिसायला अनेकदा ५० मायक्रोमोलर (द्रवात पदार्थ किती दाट आहे याचं माप) किंवा त्याहून जास्त लागतं. भरपूर कांदा खाल्ल्यावर माणसाच्या रक्तात ते साधारणपणे १ मायक्रोमोलरच्या आसपासच राहतं. तेही मूळ रूपात जवळजवळ नाहीच, कारण आतडं आणि यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल वगैरे जोडून बाहेर काढायच्या तयारीला लागलेले असतात. पन्नासपट कांदा खाऊन हे अंतर कापता येत नाही.

डिश आणि शरीर यांतलं अंतर किती फसवं असतं, याचा एक धडा मुंबईशी जोडलेला आहे. हेक्स्ट कंपनीच्या मुलुंडच्या संशोधन केंद्रात डायसोक्सायलम या झाडातल्या रोहितुकाइन या घटकावर काम झालं. त्याच्या धर्तीवर फ्लेव्होपिरिडॉल हे कृत्रिम फ्लेव्होन (फ्लेव्होनॉइड्सचाच एक प्रकार) तयार झालं. प्रयोगशाळेत त्याने कमाल केली, पण रुग्णांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांनी निराशा केली. एक कारण पुढे कळलं. डिशमध्ये पेशींना वासराचं सीरम (रक्तातला पातळ द्रव) घातलेलं असतं. माणसाच्या रक्तातली प्रथिनं हे औषध त्या सीरमपेक्षा कितीतरी घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे पेशींपर्यंत मोकळं औषध फारच कमी पोहोचत होतं. मग सलग ७२ तास सलाइनमधून देण्याऐवजी आधी अर्ध्या तासात मोठा डोस आणि नंतर चार तास संथपणे, असं वेळापत्रक बसवलं. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्याचा परिणाम दिसला, पण गाठीच्या पेशी एकदम फुटून जिवावर बेतण्याचा धोकाही दिसला. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतरही ते मान्यताप्राप्त औषध झालेलं नाही.

दुसरी चूक जरा बारीक आहे, आणि ती पेपर लिहिणारेही करतात: ‘दाद न देणारा’ म्हणजे नक्की कोणत्या औषधाला, हे विचारायचं राहून जातं. ऑस्टिओसार्कोमात साधारणपणे तीन औषधं मिळून देतात: मोठ्या मात्रेतलं मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन. पेशीतून औषध बाहेर फेकणारा पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप १९७६ साली सापडला, आणि ‘क्वेर्सेटिन हा पंप बंद पाडतं’ हे वाक्य बातम्यांत हमखास येतं. पण हा पंप यातलं मुख्यतः डॉक्सोरुबिसिन फेकतो. मेथोट्रेक्सेटचं दुखणं पुष्कळदा वेगळंच असतं, हे औषध पेशीत शिरायचा दरवाजाच कमी पडलेला असतो. सिस्प्लॅटिनपुढे पेशी डीएनए दुरुस्त करून किंवा ग्लुटाथायोन या स्वतःच्याच रेणूने औषध निकामी करून तग धरतात. मागचा नळ बंद केल्याने पुढचं दार उघडत नाही. शिवाय हाच पंप आतड्यात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही राखणदारी करतो. खास तो बंद करण्यासाठी बनवलेलं व्हॅल्स्पोडार हे औषध चाचण्यांमध्ये तरलं नाही, मग कॅप्सूलमधल्या क्वेर्सेटिनवर किती भिस्त ठेवायची?

प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. एमटीटी या, किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजणाऱ्या चाचणीत जिवंत पेशीच रंग बनवतात असं आपण धरतो. काही फ्लेव्होनॉइड्स पेशी नसतानाही तो रंग बनवतात. ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे फ्लेव्होनॉइड तर द्रवातच ऑक्सिडाइज होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, आणि पेशी त्यानेच मरतात. पेशी नसलेली डिश शेजारी ठेवा, एका डिशमध्ये कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घाला, आणि मगच आलेख काढा.

हळदीतलं कर्क्युमिन फ्लेव्होनॉइड नाही, हेही जाता जाता सांगतो. दोन्ही पॉलिफेनॉल या वनस्पतींतल्या रसायनांच्या मोठ्या गटातली, एवढंच नातं.

घरच्यांची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डॉक्टरांना न सांगता ‘नैसर्गिकच आहे’ म्हणून अर्काच्या गोळ्या सुरू करणं. मेथोट्रेक्सेट दिल्यावर रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा मोजतात, ल्युकोव्होरिन या उताऱ्याच्या औषधाने निरोगी पेशी वाचवतात, कारण ते मूत्रपिंडातून वेळेवर बाहेर पडलं नाही तर तोंड, आतडं, मज्जा सगळं होरपळतं. साधी वेदनाशामक गोळीही तिथे अडथळा ठरू शकते. ग्रीन टीच्या दाट अर्काने काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. जेवणातला कांदा, फोडणी, वरण यांबद्दल हे नाही. हे डबीतल्या गोळीबद्दल आहे. गोळ्या आधीच सुरू केल्या असतील तर लपवू नका. पुढच्या केमोच्या आधी डबी, चूर्णाची पुडी, काढ्याची बाटली सगळं पिशवीत घालून न्या, आणि शेवटची मात्रा कोणत्या दिवशी दिली ते कागदावर लिहून ठेवा.