महागडी डिझायनर वस्तू सदोष निघाली, तर सोलापुरातून दाद कशी मागायची

लग्नाचा लेहंगा, शेरवानी, हातमागाची पैठणी, नाहीतर मोठ्या ब्रँडची लेदर पर्स. अशी वस्तू पहिल्या-दुसऱ्या वापरातच उसवली, रंग सुटला किंवा कडा सोलली की मनात पहिला विचार येतो तो दुरुस्तीचा. सोलापुरात तर तो लगेच अमलातही येतो. कापड कळणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. ओळखीचा रफूगार किंवा टेलर तासाभरात टाका घालून देतो, आणि निम्मा दावा तिथेच बुडतो. दोष विणीत होता, शिवणीत होता की वापरात झाला, हे सांगणारा सर्वांत भक्कम पुरावा त्या वस्तूतच असतो. दुरुस्ती झाली की तो गेला. वर दुकानदाराला आयतं उत्तर मिळतं: "बाहेर हात लागलाय, आता आमची जबाबदारी नाही."

म्हणून आधी वस्तू जशी आहे तशी ठेवा. भांडण, तक्रार, नोटीस हे सगळं त्यानंतर.

पहिले दोन दिवस

वापर थांबवा. धुणं, ड्रायक्लीन, इस्त्री यातलं काहीही करू नका. लोंबणारा दोरा कापू नका, गळालेले खडे चिकटवू नका, ते एका पाकिटात जमा करा. हळदीचा किंवा घामाचा डाग असला तरी तो काढायला जाऊ नका, कारण डाग काढताना रंग उतरला तर मूळ दोष आणि तुमचा प्रयोग वेगळे करता येत नाहीत. ऐन समारंभात शिवण गेली आणि काहीतरी करणं भागच असेल, तर आधी फोटो घ्या आणि सेफ्टी पिन शिवणीवर न लावता शेजारच्या अस्तराला लावा.

फोटो दिवसा, खिडकीशी, फ्लॅश बंद ठेवून काढा. पूर्ण वस्तू, दोषाचा भाग जवळून, तोच भाग शेजारी मोजपट्टी ठेवून आणि मग उलट बाजू, म्हणजे अस्तर, शिवणीतली माया (शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड), लेबल, पर्स असेल तर आतला सिरियल नंबर. शिवाय मिनिटभराचा सलग, न कापलेला व्हिडिओ घ्या. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते, तेव्हा दुकानाला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वस्तू पांढऱ्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. घरात सोलापुरी चादरी कितीही असोत, रंगीत चादरीत गुंडाळू नका, तिचाच रंग लागला तर नवा वाद उभा राहील. प्लॅस्टिकची पिशवी नको आणि जरीजवळ डांबरगोळ्याही नकोत. चामड्याची वस्तू पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्या उष्णतेत डिंक सुटतो आणि कडेचा रंग तडकतो. "उन्हात ठेवली होती" हा पर्सच्या तक्रारीवरचा ठरलेला बचाव असतो, तो तुम्हीच खरा करून देऊ नका.

दोष नेमका कसला?

"क्वालिटी खराब आहे" एवढ्याने काही साध्य होत नाही. दोषाला नाव द्यावं लागतं.

शिवण गेली असेल तर भिंगातून किंवा फोन झूम करून पाहा. शिलाईचा दोरा तुटला असेल आणि कापड शाबूत असेल, तर तो शिवणकामाचा दोष: दोरा कच्चा, टाके विरळ किंवा माया कमी. दोरा शाबूत आहे, पण शिवणीशेजारचे ताणा-बाण्याचे धागे सरकून जाळी पडली आहे, तर कापडाची वीण सैल आहे. सॅटिन आणि ऑर्गन्झात हे नेहमी दिसतं, आणि जड भरतकामाचा लेहंगा कमरेपाशी अशा कापडावर तोलला असेल तर त्याचं वजन शिवण पेलत नाही. शिवणीपासून लांब, मधेच कापड फाटलं असेल, धागे तुटून कडा विस्कटल्या असतील, तर मात्र कुठेतरी अडकून फाटल्याचा संशय येतो आणि दावा दुबळा होतो. हा फरक तक्रार लिहिण्याआधी स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावा.

रंग जाण्याचेही प्रकार आहेत. कोरड्या पांढऱ्या सुती कापडाने आतल्या, न दिसणाऱ्या जागी हलक्या हाताने दहा वेळा घासा आणि त्याचा व्हिडिओ घ्या. कापडाला रंग लागला तर रंग नीट बसलेलाच नाही. ओल्या कापडाने घरी तपासू नका, ते प्रयोगशाळेचं काम. तिथे रंगाचा पक्केपणा १ ते ५ अशा श्रेणीत मोजतात, १ म्हणजे सर्वांत कच्चा.

रेशमाबद्दल शंका असेल तर गोंड्याचा सुटलेला एखादा धागा जाळून पाहता येतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. काठ-पदरातला धागा मात्र ओढू नका. सिल्क मार्कचं लेबल असेल तर तेही जपा, ते केंद्रीय रेशीम मंडळाने उभ्या केलेल्या संस्थेचं असतं आणि त्यावरच्या क्रमांकाला पुरावा म्हणून वजन आहे. जरीचा धागा काळा पडला असेल तर दुकान विचारणारच की अत्तर किंवा परफ्यूम मारला होता का. खरं तेच सांगा.

पर्समध्ये कडेचा रंग सोलणं, कड्या-बक्कलांचं पॉलिश उडणं, चेनचा रनर दात सोडणं, पट्ट्याच्या मुळाशी शिलाई सुटणं हे दोष ठळकपणे दाखवता येतात. कोपरे झिजणं आणि चामड्यावर ओरखडे येणं याला ब्रँड सहसा वापराची झीज म्हणतात, त्यावर वेळ घालवू नये.

सोलापूरकरांना एक सोय आहे. विणकर, रंगारी, अनुभवी टेलर यांचं लेखी मत इथे सहज मिळू शकतं. दुकानाशी किंवा तुमच्या घराशी संबंध नसलेला माणूस निवडा. त्याच्या लेटरहेडवर तारीख, वस्तूचं वर्णन, डोळ्यांनी काय दिसलं, त्याचं कारण काय वाटतं, आणि "मी या वस्तूवर कोणतीही दुरुस्ती केलेली नाही" हे वाक्य घ्या. ही चिठ्ठी म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, पण दुकानाशी बोलताना तिने सूर बदलतो.

बिल, आणि विकणारा नेमका कोण

जीएसटी वाचवायला कच्ची पावती घेतली असेल तर अडचण आहे, पण दावा संपलेला नाही. यूपीआयची नोंद, कार्डाची स्लिप, बुकिंगची चिठ्ठी, मापांचा कागद, डिझायनरशी झालेले मेसेज, ट्रायलचे फोटो हे सगळं गोळा करा. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे.

पक्कं बिल असेल तर त्यावरचा १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक पाहा. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचा २७, तेलंगणाचा ३६, कर्नाटकाचा २९. लग्नाची खरेदी आपल्याकडून पुणे-मुंबईइतकीच हैदराबादलाही होते, त्यामुळे हे उपयोगी पडतं. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की व्यवसायाचं कायदेशीर नाव दिसतं. बोर्डावर एक नाव आणि नोंदणीत दुसरंच, हे फार वेळा असतं. नोटीस चुकीच्या नावाने गेली की पुढचे महिने वाया जातात.

बिल वडिलांच्या नावावर आणि लेहंगा मुलीचा असला तरी बिघडत नाही, खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच. मात्र तोच लेहंगा भाड्याने देण्याच्या धंद्यासाठी घेतला असेल तर ग्राहक म्हणून दाद मागणं अवघड जातं. स्वतःच्या उपजीविकेपुरता स्वयंरोजगार असेल तेवढ्यालाच सूट आहे.

दुकानाला काय लिहायचं

फोन करा, पण फोनवर थांबू नका. त्याच दिवशी ईमेल आणि व्हॉट्सअॅप, दोन्हीवर लिहा. मजकूर छोटा ठेवा:

"दिनांक अमुक रोजी बिल क्रमांक अमुकने रुपये अमुकला घेतलेल्या लेहंग्याची डाव्या कमरेची शिवण पहिल्याच वापरात, दिनांक अमुक रोजी, चार इंच सरकली आहे. शिलाईचा दोरा शाबूत असून कापडाचे धागे सरकले आहेत. फोटो आणि व्हिडिओ सोबत आहेत. वस्तू धुतलेली किंवा दुरुस्त केलेली नाही. पूर्ण रक्कम परत द्यावी किंवा नवी वस्तू द्यावी. सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे."

काय हवं ते एकदाच ठरवा आणि त्यावर राहा. लग्न होऊन गेलं असेल तर बदली लेहंग्याचा उपयोग नाही, रक्कमच मागा. क्रेडिट नोट, म्हणजे पैशांऐवजी त्याच दुकानातल्या पुढच्या खरेदीची चिठ्ठी, तोंडी मान्य करू नका, ती घेतली की "तक्रार मिटली" असं लिहून घेतात.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही बिलावरची ओळ मन बदलणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ठीक आहे, सदोष मालाला ती लागू पडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू परत घेऊन बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे न देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. मापाने शिवून घेतलेल्या कपड्यालाही दोषाबाबत तेच. माप बिघडलं असेल तर मापांचा कागद हाच आधार, म्हणून तो ट्रायलच्या वेळीच मागून घ्यावा.

वस्तू तपासायला मागितली तर द्या, पण पोच घेऊनच. पोचेवर सिरियल नंबर, दोषाचं वर्णन, वस्तूची आत्ताची स्थिती आणि परत देण्याची तारीख हवी. फॉर्मवर आधीच "ग्राहकाकडून नुकसान" अशी खूण असेल तर सही करू नका. कुरियरने पाठवायची वेळ आली तर त्यांनाच पिकअप पाठवायला लेखी सांगा. ते जमत नसेल तर पॅकिंगचा व्हिडिओ घेऊन, किंमत जाहीर करून, विमा उतरवून पाठवा.

ऑनलाइन खरेदी असेल तर ई-कॉमर्स नियम २०२० कामाला येतात. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं असतं. क्रेडिट कार्डने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहारावर लेखी आक्षेप नोंदवा. याची मुदत दिवसांत मोजली जाते, म्हणून दुकानाच्या आश्वासनांवर महिने काढू नका.

१९१५ आणि नोटीस

सात दिवसांत काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. ही न्यायालयीन यंत्रणा नाही, ती कंपनीकडे पाठपुरावा करते, पण मोठे ब्रँड इथे बरेचदा उत्तर देतात. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

सोबत १५ दिवसांची नोटीस पाठवा. वकील असलाच पाहिजे असं नाही. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टनेच पाठवून पोहोचल्याचा पुरावा छापून ठेवा.

जिल्हा ग्राहक आयोग

खरेदी मुंबईत किंवा हैदराबादला झाली म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, म्हणजे सोलापूरचा जिल्हा आयोग चालतो. जिल्हा आयोगाची मर्यादा वस्तूसाठी दिलेल्या किमतीवर ठरते, ५० लाखांपर्यंत. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये. मुदत दोष उघड झाल्यापासून दोन वर्षं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही तक्रार दाखल होते.

तक्रारीला शपथपत्र, बिल, फोटो, सगळा पत्रव्यवहार, नोटीस आणि तिची पोहोच जोडा. मेसेज आणि व्हिडिओसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबतचं, प्रमाणपत्र लागतं, ते विसरलं की चांगला पुरावाही अडकतो. दुकानाबरोबर डिझायनर किंवा ब्रँडची कंपनी यांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर दुकान बोट त्यांच्याकडे दाखवून मोकळं होतं.

नुसतं पाहून दोष ठरत नसेल तर आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. अहवालाची मुदत ४५ दिवस, आणि तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. हात न लावलेली वस्तू इथे उपयोगी पडते. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार उत्तर घेता येत नाही. कायद्यात निकालाची मुदत तपासणीविना तीन आणि तपासणीसह पाच महिने आहे, प्रत्यक्षात तारखा लांबतात हे धरून चला. मधे मध्यस्थीचा प्रस्ताव आला आणि रक्कम पटण्यासारखी असेल तर जरूर विचार करा, मात्र तडजोडीत पैसे देण्याची तारीख लिहून घ्या.

मागणीत वस्तूची किंमत, ऐनवेळी दुसरा पोशाख घ्यावा लागला असेल तर त्याचं बिल, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळा मांडा. ऐंशी हजारांच्या लेहंग्यावर वीस लाखांची भरपाई मागितली की खऱ्या मागणीकडेही संशयाने पाहिलं जातं.

निकाल बाजूने लागूनही पैसे आले नाहीत तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ नुसार एक महिना ते तीन वर्षं कैद, किमान २५ हजार ते एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. समोरच्याने ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील केलं, तर त्याला आदेशातली निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. सदोष वस्तू तोवर त्याच पांढऱ्या कापडात ठेवा, आणि आदेशात ती परत करायला सांगितलं असेल तर पैसे मिळताना पोच घेऊनच द्या.