यूकेत मास्टर्सला चाललाय? मग मूडल, रेकॉर्डिंग आणि टर्निटिनचं आधी बघून घ्या

ऑगस्ट आला की मला कुणाच्या तरी मावसभावाचा नाहीतर मैत्रिणीच्या बहिणीचा मेसेज येतोच, ताई व्हिसा आला, आता काय काय घेऊ. कुकर, मेतकूट, थर्मल, औषधं ही यादी सगळ्यांकडे असते. पण वर्ग सुरू झाले की खरी धावपळ लॅपटॉपमध्ये होते आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मी कोल्हापुरात इंजिनिअरिंग करून लीड्सला एमएस्सीला गेले, कॉम्प्युटर येतो म्हणजे हेही येईल अशा तोऱ्यात.

आपल्याकडे मागे पडलं की कळतं हो. जर्नलवर सही मिळत नाही, डिफॉल्टर लिस्ट नोटीसबोर्डवर लागते, सर वर्गात सगळ्यांसमोर झाडतात. तिकडे कुणी झाडत नाही, सगळं स्क्रीनवर पडलेलं असतं, तुम्ही बघा नाहीतर नका बघू, त्यामुळे माणूस अगदी शांतपणे, कुणाला न कळता मागे पडू शकतो. खालचं सगळं त्यासाठीच लिहितेय.

निघण्याआधी घरीच दोन कामं उरका. युनिव्हर्सिटीचा लॉगिन आला की त्याला ऑथेंटिकेटर अ‍ॅप (लॉगिन करणारे तुम्हीच आहात याची फोनवर खात्री करणारं) जोडायला सांगतात, तिथे फक्त भारतातल्या सिमवर एसएमएस असा पर्याय ठेवून मोकळे होऊ नका, अ‍ॅप टाका आणि शिवाय दुसरी एक पद्धत जोडून ठेवा. तिथे गेल्यावर नवीन फोन घेतला तर आधी अ‍ॅप नव्या फोनवर चालू करा, मगच जुना पुसा. माझ्या रूममेटने उलटं केलं आणि शुक्रवारी संध्याकाळी अकाउंटबाहेर, आयटी हेल्पडेस्क उघडला सोमवारी. दुसरं म्हणजे एड्युरोम, युनिव्हर्सिट्यांचं सामायिक वायफाय. युजरनेममध्ये @ नंतरच्या भागासकट सगळं टाकायचं, अर्धवट टाकून चालत नाही. एकदा बसलं की दुसऱ्या युनिव्हर्सिटीत मित्राकडे गेलात तरी फोन आपोआप जोडला जातो, शंभराहून जास्त देशांत चालतं ते.

आता मूडल, म्हणजे नोट्स, असाइनमेंट आणि सबमिशन जिथे असतं ती युनिव्हर्सिटीची वेबसाइट. काही ठिकाणी ब्लॅकबोर्ड किंवा कॅनव्हास असतं, प्रकार तोच. पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाचं पान उघडून असाइनमेंटच्या तारखा स्वतःच्या हाताने एका कॅलेंडरमध्ये लिहा. आणि वेळ नीट वाचा, कारण बऱ्याच डेडलाइन दुपारी १२च्या असतात आणि आपण रात्रीचे १२ धरून चालतो.

माझं काय झालं सांगते. ख्रिसमसच्या सुट्टीत घरी आले होते, तेव्हा सोपं पडावं म्हणून मूडलच्या प्रोफाइलमध्ये टाइमझोन कोलकाता केला. जानेवारीत परत गेले आणि ते साफ विसरले. स्क्रीनवर डेडलाइन दिसतेय संध्याकाळी साडेपाच, मी निवांत भात लावला, जेवले, दोन वाजता सबमिट केलं, तर लाल अक्षरात लेट. साडेपाच भारतातले होते, लीड्समध्ये ती वेळ दुपारी १२ची. ६२ पडले होते त्यातले ५ कापले, ५७ झाले, म्हणजे मेरिटवरून पासवर. (तिकडे ७०च्या पुढे डिस्टिंक्शन, त्यामुळे ६२ला घरच्यांनी नाक मुरडलं तर हे समजावून सांगा.) चूक पूर्ण माझीच. तुम्ही टाइमझोन लंडनच ठेवा. घरून सबमिट करायचं असेल तर मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं एवढं लक्षात ठेवा, उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक आणि हिवाळ्यात साडेपाच.

रेकॉर्डिंग ही सगळ्यात गोड फसवणूक आहे. लेक्चर पॅनोप्टोवर (रेकॉर्डिंग बघायची साइट) येतंय ना, मग आज पार्टटाइम शिफ्ट करू, उद्या बघू. नोव्हेंबरपर्यंत माझी अकरा लेक्चर साठली होती आणि तासाभराचं लेक्चर थांबवत थांबवत बघायला मला अडीच तास लागायचे. म्हणून वर्गात बसाच, अर्धं डोक्यावरून गेलं तरी. आमचे एक सर यॉर्कशायरचे, बस या शब्दाला 'बुस' म्हणायचे, पहिले दोन आठवडे मी नुसती मान हलवत होते. कॅप्शन लावून बघितलं तर मशीनने व्हेरियन्सचं 'व्हेरी अँट्स' केलेलं, अख्खं लेक्चर मुंग्यांचं. तेव्हा कॅप्शन आधाराला घ्या, पण शब्द स्लाइडवरून ताडून बघा. रेकॉर्डिंगचा खरा उपयोग म्हणजे सर्चचा चौकोन. त्यात शब्द टाकला की तो जिथे जिथे बोलला गेलाय किंवा स्लाइडवर आहे तिथे थेट उडी मारता येते, म्हणजे वर्गात जे अडलं तेवढी चार मिनिटं परत ऐकायची आणि बंद करायचं.

हजेरी बऱ्याच ठिकाणी अ‍ॅपवर कोड टाकून लागते आणि तिचा संबंध व्हिसाशी असतो. प्रॉक्सी वगैरे कोल्हापूरलाच ठेवून या.

टर्निटिन म्हणजे तुमचा मजकूर आधीच्या मजकुरांशी जुळवून बघणारं सॉफ्टवेअर. त्याला लोक उगाच घाबरतात आणि जिथे घाबरायला हवं तिथे घाबरत नाहीत. माझ्या पहिल्या रिपोर्टला ३४ टक्के आलं, रात्रभर झोप नाही. सकाळी रंगीत भागांवर क्लिक करून बघितलं तर निम्मं म्हणजे संदर्भांची यादी आणि वर चिकटवलेला प्रश्न. आकडा म्हणजे जुळणारा मजकूर, चोरी नव्हे. पण एखादा अख्खा परिच्छेद एकाच रंगाचा दिसला तर तो बसून स्वतःच्या शब्दांत लिहा, दोन शब्द इकडचे तिकडे करून भागत नाही. आणि परत परत अपलोड करायची सोय असेल तर जपून वापरा, पहिल्या तीन वेळेनंतर नवा रिपोर्ट यायला २४ तास लागतात. संदर्भ जमवून त्यांची यादी करायला झोटेरो हे सॉफ्टवेअर टाकून घ्या, फुकट आहे. गूगल स्कॉलरच्या सेटिंगमध्ये लायब्ररी लिंक्समध्ये आपली युनिव्हर्सिटी जोडा, म्हणजे पैसे मागणारे पेपर लायब्ररीच्या लॉगिनवर उघडतात.

चॅटजीपीटीचं विचाराल तर नियम विषयागणिक वेगळे असतात, असाइनमेंटच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. नुसतं व्याकरण तपासून घ्यायलाही काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी सांगावं लागतं. एआय ओळखणाऱ्या टूल्सचा मात्र आपल्यासारख्यांना वेगळाच त्रास. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेलचे निबंध अशा सात टूल्समधून काढले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध मशीनने लिहिलेले ठरले. आपलं सरळ, बेतलेल्या शब्दांचं इंग्रजी त्यांना मशीनचं वाटतं. म्हणून पहिल्या ओळीपासून वनड्राइव्ह किंवा गूगल डॉक्समध्येच लिहा. कुणी विचारलंच तर व्हर्जन हिस्टरी उघडून दाखवता येते, मंगळवारी रात्री काय खोडलं आणि बुधवारी काय घातलं ते सगळं.

शेवटचं म्हणजे ईमेल. 'रिस्पेक्टेड सर, काइंडली डू द नीडफुल' नको, पहिल्या नावाने हाय लिहा, पहिल्यांदा जीभ अडखळते, लिहिताना बोटंही. आणि 'लेक्चर समजलं नाही' असं मोघम लिहू नका, त्याला कोण काय उत्तर देणार. मी एकदा लिहिलं की तिसऱ्या आठवड्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ३४व्या मिनिटाला तुम्ही समीकरणातला हा टर्म सोडून दिलात, तो का सोडला? तासाभरात उत्तर आलं, 'अरे हो, ते मी घाईत उडवलं, गुरुवारी दोनला ऑफिसमध्ये ये'. गेले तर त्या बुसवाल्या सरांनी फळ्यावर वीस मिनिटं ते परत मांडून दाखवलं.