शेजारच्या गावापर्यंत पायवाटेनं कसं जावं

दोन लहान गावांना जोडणारा डांबरी रस्ता बऱ्याचदा मोठा वळसा घेतो. पायवाट शेताच्या बांधावरून, माळावरून नाहीतर टेकडीच्या खिंडीतून जवळच्या मार्गानं जाते. ही वाट रानात चुकेल अशी भीती लोकांना असते, पण ती चुकते ती गावाच्या कडेला. मधल्या भागात वाट मळलेली असते. गावाजवळ मात्र नवी घरं, कुंपणं आणि रुंद झालेले रस्ते तिचं तोंड बुजवून टाकतात. म्हणून तयारीतला निम्मा वेळ पहिल्या आणि शेवटच्या किलोमीटरसाठी ठेवा.

१. आधी दिशा ठरवा

माझा सल्ला उलटा वाटेल. सकाळी गाडीनं पलीकडच्या गावी जा आणि तिथून आपल्या मुक्कामाकडे चालत या. घराकडे तोंड करून चालणाऱ्याला शेवटची गाडी चुकण्याची धास्ती नसते, उशीर झाला तरी फारसं बिघडत नाही. दोन कारणांसाठी मात्र हा क्रम बदलावा. एका बाजूचा उतार फार तीव्र असेल, तर तो चढताना लागेल अशी दिशा घ्या. दम लागला तर थांबता येतं, पण तीव्र उतारावर गुडघे बोलायला लागले की इलाज नसतो. दुसरं कारण म्हणजे ऊन. सकाळी पूर्वेकडे आणि दुपारनंतर पश्चिमेकडे चालताना सूर्य डोळ्यांवर येतो.

२. वाट कागदावर चाला

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, १:२५,००० वर ४ सेंटिमीटर. अंतर पट्टीनं मोजू नका. वळणांवरून दोरा फिरवा आणि मग तो सरळ करून मोजा. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे दाटीनं आल्यात तिथे चढ खडा आहे. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावर पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. त्या स्वयंसेवकांनी काढलेल्या असल्यानं काही अगदी ताज्या, काही कधीच मोडून गेलेल्या. तीच जागा उपग्रहचित्रात बघा. वापरातली वाट तिथे बारीक फिकट रेघेसारखी दिसते, फक्त दाट झाडीखाली दिसत नाही.

आता तीन गोष्टींवर खूण करा. पहिली, सोबत चालणारी खूण: नदी, कालवा किंवा विजेची मोठी लाइन, जी बराच वेळ एकाच हाताला राहील. दुसरी, आडवी खूण: जी लागली म्हणजे आपण पुढे निघून आलो, उदाहरणार्थ रेल्वेमार्ग. तिसरी, सुटायच्या जागा: जिथून अर्ध्यावर पक्का रस्ता गाठता येतो.

३. वेळेचा हिशेब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा आजही वापरतात. मेट्रिकमध्ये तो साधारण असा: दर ५ किलोमीटरला १ तास, आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी १ तास. यात विश्रांती धरलेली नाही, आणि हा वेग सराव असलेल्या माणसाचा आहे. नवख्यानं ताशी ४ किलोमीटर धरावेत. म्हणजे १४ किलोमीटर अंतर आणि एकूण ३०० मीटर चढ असेल, तर साडेतीन तास चालणं, अर्धा तास चढाईचा आणि वर तासभर थांबे: पाच तास. मावळतीच्या दोन तास आधी पोचता येईल अशा बेतानं निघा. सोबत लहान मूल असेल तर हा हिशेब बाजूला ठेवून मुलाच्या चालीनं वेळ धरा.

४. पिशवीत काय

थोडंच. मध्यम हवेत तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, उन्हात त्याहून जास्त. खाऊ, टोपी, शिट्टी, टॉर्च, चिकटपट्टी. बूट रुळलेले हवेत, नवे नकोत. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. एअरप्लेन मोडवर बहुतेक फोनमधलं जीपीएस चालतं आणि बॅटरीही वाचते. कुठल्या वाटेनं जाताय आणि किती वाजेपर्यंत पोचाल, हे एका माणसाला सांगून ठेवा.

५. गावाबाहेर पडणं

इथे विचारण्यात संकोच करू नका, पण प्रश्न नीट विचारा. ‘ही वाट तिकडे जाते ना?’ म्हटलं की समोरचा भिडेखातर ‘हो’ म्हणून जातो. ‘तिकडे पायी जायला कुठून जावं?’ असं विचारा म्हणजे त्याला वाट सांगावीच लागते. सतत गाडीवर फिरणारा माणूस गाडीरस्ताच सांगेल. गुरं चारणाऱ्याला, शेतावर जाणाऱ्याला विचारलेलं बरं. ‘हे काय, इथेच आहे’ या उत्तरावर विसंबू नका. अंतर नकाशाचं, वाट माणसाची.

६. मधली वाट

वाट फुटते तिथे मिनिटभर थांबून मागे वळून बघा, कारण परत यावं लागलं तर जागा उलट बाजूनं वेगळीच दिसते. पिकातून जाताना बांधावरून, एकामागोमाग एक चाला. फाटक ज्या स्थितीत सापडलं त्याच स्थितीत सोडा, उघडं असेल तर उघडंच. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, त्याच्या डोळ्यांत न बघता हळूहळू बाजूला व्हा.

पाय बुटात कुठे हुळहुळला की लगेच चिकटपट्टी लावा, फोड यायची वाट बघू नका. ओढ्याचं पाणी गढूळ आणि वेगाचं असेल तर गुडघ्याएवढंसुद्धा माणसाला पाडतं, अशा वेळी सुटायच्या जागेकडे वळा. गडगडाट ऐकू आला तर उघडा माळ आणि एकटं झाड दोन्ही टाळा.

वाट हरवलीच, तर पुढे अंदाजानं रेटू नका. शेवटच्या ओळखीच्या जागी परत या. हे लोकांना फार जड जातं, आणि दहा मिनिटांची चूक तासाची होते ती यामुळेच. खरोखर अडकलात तर मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. मिनिटात तीन शिट्ट्या हे त्याचं उत्तर असतं.

७. दुसऱ्या गावात शिरणं

घरं दिसू लागली की पाय भराभर पडतात आणि माणूस दिसेल त्या गल्लीत घुसतो. मग समोर भिंत, नाला किंवा कुणाचं तरी अंगण येतं. निघण्याआधी नकाशावर शिरण्याची एकच जागा ठरवा, शक्यतो पूल किंवा शाळेसारखी लांबून ओळखू येणारी, आणि तिलाच धरून रहा. शेवटचा तुकडा रहदारीच्या रस्त्यानं असेल आणि पदपथ नसेल, तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं चाला. अंधार पडला असेल तर टॉर्च लावूनच. पोचल्यावर ज्याला वेळ सांगून ठेवली होती त्याला आधी फोन करा, नाहीतर तो बिचारा शोधायला निघेल.