जुन्या गाडीला नवे टायर: या चुका टाळा

२०२३ च्या जानेवारीत आमच्या बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात '२१ गन सॅल्यूट'चा जुन्या गाड्यांचा मेळावा भरला, आणि तेव्हापासून माझ्या ओळखीत जो तो ॲम्बेसेडर नाहीतर पद्मिनी शोधायला लागलाय. हौसेला मोल नसतं, मान्य. रंगावर पैसे जातात, क्रोमवर जातात, सीट कव्हरचं तर विचारूच नका. टायरची पाळी आली की मात्र गाडी पहिल्या दिसेल त्या दुकानापुढे लावायची, दुकानदार 'चालशे, साहेब' म्हणाला की मान डोलवायची, आणि आठवड्याभरात मला फोन करायचा, "काका, गाडी एका बाजूला ओढतेय." दुकानदाराला दोष देत नाही मी. त्याच्याकडे जो माल आहे तो तो विकणारच. आपल्या गाडीला काय हवं ते आपल्याला माहीत नको?

रिम पंधराचं, म्हणून पंधराचा कुठलाही टायर

ही सगळ्यात लाडकी चूक. ॲम्बेसेडरचा मूळ टायर ५.९०-१५, क्रॉसप्लाय, म्हणजे आतले धागे तिरपे एकमेकांवर घातलेला जुन्या बांधणीचा. जुन्या पद्धतीत ५.९० म्हणजे टायरची रुंदी इंचात आणि १५ म्हणजे रिमचा व्यास. बाजूची उंची वेगळी लिहायची गरजच नव्हती, कारण ती जवळपास रुंदीएवढीच असायची. आता १८५/६५ आर १५ घ्या, आजच्या बऱ्याच गाड्यांना लागणारा, कुठल्याही दुकानात ढिगाने मिळणारा. यातले १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, आर म्हणजे रेडियल, आजच्या बांधणीचा टायर, आणि ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. रिम तेच, पण चाक ठेंगणं.

हिशेब करून बघा. १८५ चे ६५ टक्के १२० मिलिमीटर. वर एक, खाली एक, म्हणजे २४०. त्यात रिमचे ३८१ मिळवले की ६२१. मूळ टायरची उंची ६६० च्या आसपास, कंपनीप्रमाणे थोडी इकडेतिकडे. म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला गाडी बारा सेंटिमीटर कमी पुढे जाते. काटा ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ५६ ने चाललेले असता, आणि इंजिन मात्र साठचे कष्ट उपसत असतं. अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर ९३ किलोमीटर असं किंचाळणारं इंजिन ऐकत जायचं असेल तर खुशाल जा. शिवाय गाडी बसल्यासारखी दिसते, ती गोष्ट वेगळीच. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये एवढी पोकळी, की ढगळ झब्ब्यातून बारीक पाय बाहेर आल्यासारखं दिसतं.

रुंदीचंही तसंच. १८५/६५ ला किमान पाच इंच रुंदीचं रिम लागतं. जुनी रिम त्याहून अरुंद असतात. त्यात हा टायर कोंबला की कडा आत चेपल्या जातात, मधला भाग फुगतो आणि रस्त्याला तेवढाच टेकतो. 'रुंद टायर म्हणजे जास्त पकड' असं नातवाच्या वयाची मुलं मला ऐकवतात तेव्हा मी चहा मागवतो आणि विषय बदलतो.

माझी पद्धत सांगतो. दुकानात जायच्या आधी घरीच टायरवर आणि जमिनीवर खडूने एक रेघ मारायची, गाडी हाताने ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा करायचा, आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजायचं. टायर झिजलेला असला तर थोडं कमी भरेल, तेवढं समजून घ्यायचं. मग रिमची रुंदी मोजायची, बाहेरच्या कडेपासून नाही, टायर जिथे बसतो त्या आतल्या दोन कडांमधली. हे आकडे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचे. उंचीत दोन-तीन टक्क्यांचा फरक मी चालवून घेतो, त्यापुढे नाही.

पद्मिनीवाल्यांचं नशीब बरं. त्यांचा मूळ टायर ५.२०-१४, आणि साध्या स्विफ्टला येणारा १६५/८० आर १४ उंचीला त्याच्या पुष्कळ जवळ जातो. तरी बसवल्यावर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, मागे दोन माणसं बसवून, कुठे घासत नाही ना ते बघा. ॲम्बेसेडरवाल्याला ८० च्या मालिकेतला पंधराचा टायर शोधावा लागतो, आणि तो चट्कन मिळेलच असं नाही. थांबा मग. २०१४ पासून जिचं उत्पादनच बंद आहे अशी गाडी, तिला आणखी दोन महिने शेडमध्ये उभं राहिल्याने काही होत नाही.

ट्यूबलेस टायर आहे, ट्यूब कशाला? किंवा: ट्यूब आहे ना, कुठलीही टाका

ट्यूबलेस टायरची कड रिमवर धरून ठेवायला रिमच्या आत एक उंचवटा असतो. बहुतेक जुन्या रिमना तो नसतो. कित्येकांचे रिव्हेट हवा सोडतात, तारांची चाकं तर सोडतातच. म्हणून जुन्या रिमवर ट्यूब हवी. इथवर सगळ्यांना पटतं. पुढची गंमत कोणी बघत नाही.

माझ्या मावसभावाच्या मुलाची पद्मिनी. नवे रेडियल, चारही चाकांत ट्यूब, पोरगं खूश. मित्रांना घेऊन पावागडला निघाला आणि जरोदच्या अलीकडे पुढचं डावं चाक एकदम बसलं. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने तसलीच दुसरी ट्यूब टाकून दिली. येताना हालोल सोडल्यावर पुन्हा तेच चाक. रात्री गाडी टेम्पोवर चढून आमच्या दारात आली. "काका, टायरमध्येच फॉल्ट आहे. दुकानदाराशी भांडायला चला."

आधी चाक उघडलं. ट्यूब पंक्चर नव्हती, वॉल्व्हच्या मुळाशी अर्धवर्तुळात फाटली होती. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, लावला. रिमचं भोक जवळपास सोळा मिलिमीटरचं आणि ट्यूबचा वॉल्व्ह टीआर-१३, म्हणजे साडेअकराच्या भोकासाठी केलेला. त्या मोकळ्या भोकात वॉल्व्ह चाकाच्या दर फेऱ्याला कलत होता आणि पत्र्याची कड रबर कापत होती. टायरच्या आत हात फिरवला तर कंपनीचा कागदी बारकोड तसाच चिकटलेला. त्याच्या कडेने ट्यूबवर बोटभर जागा घासून घासून निस्तेज केली होती आणि तळाशी काळी भुकटी साचली होती. वॉल्व्ह टिकला असता तर महिन्याभरात ट्यूब तिथे फुटली असती. भांडायला कोणी गेलं नाही.

मोठ्या भोकाला टीआर-१५ वॉल्व्हची ट्यूब घ्या, किंवा भोकात बरोबर मापाचं बुश, म्हणजे भोक अरुंद करणारी कडी, बसवा. ट्यूबवर 'रेडियल' लिहिलेलं हवं, कारण रेडियलची बाजू जास्त वाकते आणि साधी ट्यूब ते फार दिवस सोसत नाही. आतले सगळे स्टिकर खरवडून काढा, टाल्कम पावडर लावा, हवा भरा, पूर्ण सोडा, पुन्हा भरा. त्याने ट्यूबच्या घड्या सुटतात. हे शेवटचं कोणताही कारीगर आपण होऊन करत नाही. 'एनाथी शुं फरक पडे' म्हणतो. मी समोर स्टूल टाकून बसतो, मग तो करतो.

'नवाकोरा' जुना टायर

टायर किलोमीटरने झिजतो तसा वर्षांनीही मरतो, आणि आपल्या गाड्या वर्षातून चालतात किती? बाजूवर डीओटी अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. असले टायर 'जुन्या स्टॉकमधला ओरिजिनल माल' म्हणून चढ्या भावाने विकले जातात आणि लोक ते कौतुकाने घेतात. नक्षी पूर्ण, रबर दगड. बाजू अंगठ्याने वाकवली की केसांएवढ्या भेगा उघडतात. बडोद्याच्या मे महिन्यात असा टायर ८० ने पळवायचा धीर मला नाही. भाव करायच्या आधी मी चारही टायरच्या आकड्यांचे फोटो काढतो. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. दहा वर्षं झालेला टायर नक्षी कितीही असली तरी काढायचा. झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते, पण हौसेच्या गाडीचा टायर तिथवर पोचतच नाही, म्हणून तिच्या भरवशावर राहू नका.

बाकीचं, थोडक्यात

दोन रेडियल आणि दोन क्रॉसप्लाय: शक्यतो नको. एका ॲक्सलवर एकेक तर कधीच नको. नाइलाजच असेल तर रेडियल मागे. पुढे लावलात तर पावसात वळणावर गाडीचा मागचा भाग तुमच्या पुढे यायला बघेल.

हवा: जुन्या पुस्तकातला आकडा क्रॉसप्लायचा आहे, रेडियलला त्याहून थोडी जास्त लागते. आणि रेडियलची बाजू फुगीर दिसणारच. ती बघून चाळीस भरणारे महाभाग मी पाहिलेत.

एच, टी, एस ही वेगाची अक्षरं: एस म्हणजे १८०. आपली गाडी कुठे जाणार आहे १८० ला? त्यापेक्षा ओझ्याचा आकडा बघा. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो. लग्नात नवरदेवासोबत किती जण बसतात ते आठवा आणि मग ठरवा.

परदेशातून पांढऱ्या पट्ट्याचे टायर मागवायचे: २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत. आधी परवान्याचं बघा, मग स्वप्नं.

अलाइनमेंट: किंगपिन-बुशमध्ये (पुढचं चाक ज्या खिळ्यावर वळतं तो आणि त्याची कडी) खेळ असताना अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे विश्वामित्री नदीत सोडणं. आधी पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. कटकट आवाज आला तर टायरचं नंतर बघू. 'गाडी ओढतेय'वाल्या निम्म्या फोनांचं उत्तर इथेच असतं.

स्टेपनी: तीही त्याच मापाची घ्या, पाचवा टायर म्हणून सावत्र वागवू नका.

नट: हवेच्या गनने आवळू देऊ नका, जुन्या बोल्टांचे आटे जातात. हाताच्या पान्याने, समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळा, आणि पन्नासेक किलोमीटर झाले की चाकं गार असताना पुन्हा एकदा पाना लावा.