‘माइ’ म्हणजे घेणं की विकणं?

ठाणे-वाशी लोकलमध्ये मी अंकीवर (पुढे प्रश्न, मागे उत्तर अशा कार्डांची उजळणी करून घेणारं ॲप) चिनी शब्द पाठ करायचो. रोज 20 नवीन कार्डं, ही ॲपचीच मूळ सेटिंग. महिन्याभरात उजळणीचा ढीग 400 वर गेला. ऐरोली येईपर्यंत डोकं बधिर. त्यात ‘माइ’नं छळलं. चिनीत आवाजाचा चढउतार, म्हणजे सूर, बदलला की शब्दच बदलतो: तिसऱ्या सुरात विकत घेणं, चौथ्या सुरात विकणं. आयातीच्या धंद्यात हे उलटं बोललो तर कल्याणच!

मग नवीन कार्डं शून्यावर आणली, आधी ढीग उपसला, नंतर रोज 5च. कार्डाच्या पुढच्या बाजूला फक्त शब्दाचा आवाज ठेवला. (इअरफोन हवेतच, लोकलचा खडखडाट आहे.) चिन्हांचं कोडंही सुटलं: सरलीकृत (सोप्या केलेल्या) चिनी लिपीत ‘घेणं’च्या डोक्यावर ‘दहा’चं, अधिकासारखं चिन्ह ठेवलं की झालं ‘विकणं’. दहा रुपये चढवून विकायचं, अशी माझी खूण!